खालची काच

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळचं चिंतन जरा लांब झालंय. रात्री जेवणं आटोपल्यावर घरात एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. नुसतं पुढच्या ग्रुपवर ढकलू नका, ही विनंती. यात आमची एक चूक आहे, ती कबूल केल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येणार नाही.

ज्या घरांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेल्या चातुर्मासापासून आपल्या सत्संगाच्या पडवीत, तुळशीपासून चार हातांवर, एक लोखंडी पिंप उभं आहे. आत पाणी भरलेलं, म्हणजे हलू नये. वर लाकडी पाट, पाटावर सहा इंची जाड गोल काच, आणि त्या काचेवर तशीच दुसरी काच. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय, चटणी वाटता का? दुर्बिणीचा आरसा घासतोय असं सांगितलं की लोक आमच्याकडे आणि मग देवघराकडे बघायचे.

झालं असं की आपल्या मंडळातला एक मुलगा पुण्याला शिकायला आहे. पुण्यात आयुका नावाची खगोलशास्त्राची संस्था आहे, जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं 1988 साली उभी राहिलेली. तिथं हौशी माणसांना स्वतःच्या हातानं दुर्बीण करायला शिकवणाऱ्या कार्यशाळा झालेल्या आहेत. अरविंद परांजपे यांचं त्या कामात मोठं नाव. तिथं शिकलेल्या एका काकांकडून हा शिकला आणि दोन काचा, पुड्यांची पिशवी घेऊन घरी आला. महाराजांना विचारलं, सत्संगाच्या जागेत हे चालेल का? महाराज म्हणाले, "चालेल. पण सगळ्यांनी घासायचं."

काही ज्येष्ठ मंडळींना तेव्हा पटलं नव्हतं. देवाच्या जागी हे कशाला, असं म्हणणं पडलं. त्यांना आम्ही एवढंच दाखवलं की आपल्याच गावच्या जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे, इ.स. 1590 च्या सुमाराचा, फारुकी राजाच्या काळचा, आणि त्यात तिथी-नक्षत्र मांडलेलं आहे. मशीद बांधणाऱ्यानंही आकाश विचारून घेतलं होतं. तर आपल्या पडवीला काय हरकत.

आता काम कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

खालची काच पाटावर पक्की बसवलेली. तिच्यावर कार्बोरंडमची खरखरीत पूड चिमूटभर टाकायची, पाण्याचे चार थेंब, आणि वरची काच दोन्ही हातांनी पुढं-मागं सरकवायची. पाच-सात वेळा सरकवली की वरची काच हातातल्या हातात थोडी फिरवायची, आपण एक पाऊल बाजूला सरकायचं, पुन्हा घासायचं. म्हणजे माणूस पिंपाभोवती फिरत राहतो. आपल्या आजी मंडळींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. पहिल्याच दिवशी एक आजी म्हणाल्या, "अरे, ही तर प्रदक्षिणा!" आणि पदर खोचून लागल्या कामाला, तोंडानं नाम चालू.

दोन्ही काचा सुरुवातीला सपाट. एकसारख्या, एकाच जाडीच्या. पण घासता घासता वरची काच मधोमध खोल होत जाते आणि खालची काच तेवढीच फुगीर. कारण साधं आहे. वरची काच सरकून बाहेर झुकते तेव्हा तिच्या मध्यावर आणि खालचीच्या काठावर जोर पडतो. म्हणून वरचीचा मध्य झिजतो, खालचीचा काठ झिजतो. कुणी कोरत नाही, कुणी साचा लावत नाही. माणसाच्या हाताला तर अचूक गोलाई येतच नाही, कधी जास्त जोर, कधी कमी. पण सगळ्या बाजूंनी, सगळ्या दिशांनी, हजारो वेळा फिरलं की दोन पृष्ठभाग एकमेकांत चपखल बसायला एकच आकार उरतो, गोलाचा तुकडा. चूक इकडची तिकडे पुसली जाते. म्हणूनच महाराज म्हणाले असतील सगळ्यांनी घासायचं. दहा हातांच्या दहा खोडी एकमेकींना खातात.

किती खोल? आमचा अंदाज होता वाटीएवढी. सहा इंची आरसा, त्याच्यापासून चार फुटांवर प्रकाश एकत्र यायचा, तर मध्याची खोली फक्त सव्वा मिलिमीटर. एका नाण्याच्या जाडीपेक्षा कमी! एवढ्यासाठी महिने. पण त्या खोलगटपणातच आरशाचं सगळं बळ आहे. सपाट काच आपलं तोंड दाखवते. खोल झालेली काच आकाशातला विखुरलेला उजेड गोळा करून एका बिंदूवर आणते, अंधारात आपल्या डोळ्याच्या बाहुलीत मावतो त्याच्या चारशे पटीहून जास्त.

चातुर्मासातल्या एका गुरुवारी महाराज आले होते. त्यांनी स्वतः दोन फेऱ्या घासलं, मग ओसरीवर बसून विचारलं, "वरची काच म्हणजे कोण, खालची कोण?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, वरची काच म्हणजे आम्ही शिष्य, खालची म्हणजे सद्गुरू, आम्हाला आकार देणारी. उत्तर आम्हाला फार छान वाटलं. महाराज हसले. म्हणाले, "गुरू गुरुवारी एकदा भेटतो. रोज सकाळी उठल्यापासून तुम्हाला घासतं कोण? घरातली माणसं. ती तुमची खालची काच. आणि तुम्ही त्यांची."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बायकांच्या बाजूनं हसू उठलं, आणि मग पुरुषांच्या बाजूनं, जरा उशिरा.

आम्ही त्यानंतर त्या पिंपाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. काही गोष्टी हातानंच कळल्या. पूड ताजी असते तेव्हा करकर आवाज येतो. दोन-चार मिनिटांत दाणे मोडतात, आवाज मऊ होतो, तेव्हा ती पुसून नवी टाकायची. जुन्यावरच घासत बसलं तर काम होत नाही, नुसता चिखल होतो. घरात तेच ते जुनं भांडण सहा वर्षं उगाळणाऱ्यांनी हे ऐकावं. पाणी आटू द्यायचं नाही. आटलं की काच काचेला चिकटते, ओढली तर ओरखडते. आणि दाबायचं नाही. जोर लावला की काच वाकते, वाकलेल्या काचेला वाकडा आकार येतो. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण मागे एका घरातून असा प्रश्न आला होता. घासणं वेगळं आणि चिरडणं वेगळं. घरात कुणी हात उगारत असेल, कुणाला रडवत असेल, तर "हे आपल्या भल्यासाठी घासणं आहे" असं कुणी त्या सुनेला किंवा मुलाला सांगू नये. ती महाराजांची शिकवण नव्हे. अशा घरानं आम्हाला फोन करावा, आम्ही येऊ.

पुड्या जाड ते बारीक. आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, दोनशेवीस, तीनशेवीस, पाचशे, आणि त्याहून बारीक. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे खड्डे जाईपर्यंत घासायचं. मध्ये सगळं धुवायचं: काच, पाट, बादली, हात, नखं, अंगावरचे कपडेसुद्धा. ऐंशी नंबरचा एक दाणा नखात राहिला आणि पाचशेच्या पायरीवर काचेवर पडला तर आठ दिवसांच्या कामावर एक लांब रेघ. आमच्या काचेवर अशी रेघ पडली. कुणाच्या नखातून, ते शोधायचं नाही असं ठरलं, आणि आम्ही दोन पायऱ्या मागं गेलो.

मग पॉलिश. आपल्याकडे जुना शब्द फार चांगला आहे, घोटणं. अक्षर घोटतात, तसं. खालच्या काचेवर पिचचा थर ओततात, म्हणजे राळेच्या जातीचा काळपट पदार्थ, थंडीत दगड आणि उन्हात हळूहळू पसरणारा. त्यावर चौकोनी खाचा पाडायच्या, सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून लावायची, आणि आरसा त्यावर घोटायचा. धुरकट काच मधोमधून पारदर्शक व्हायला लागते. ऑक्टोबरच्या आपल्या उन्हात ते पिच असं पसरलं की खाचाच बुजल्या. दुपारचं काम बंद करून पहाटे काकड्यानंतर घोटायला बसलो.

लक्षात घ्या, इथंही खालची काच आहेच. तिचं काम संपलं असं वाटलं होतं, पण पिच अंगावर घेऊन तीच खाली.

आता परीक्षा. पॅरिसच्या फुको नावाच्या शास्त्रज्ञानं 1858-59 च्या सुमारास ही युक्ती काढली. आरसा उभा करायचा, आठ फुटांवर बारीक छिद्रातून दिवा, आणि आरशातून परत येणारा उजेड दाढीच्या पात्यानं हळूच कापायचा. गोलाई बरोबर असेल तर आरसा सगळीकडे एकदम करडा होतो. नसेल तर डोंगर-दऱ्या दिसतात, चंद्रावर दिसाव्यात तशा. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटा, जो बोटाला कळत नाही, भिंगाला कळत नाही, तो एका दिव्यानं आणि ब्लेडच्या पात्यानं समोर येतो. आरशाला नुकताच हात लागला असेल तर हाताच्या उबेनं फुगलेली काचसुद्धा टेकडीसारखी दिसते, म्हणून थांबायचं, निवू द्यायचं. आमच्या गल्लीत लूम चालतात, त्यांच्या धडधडीनं सावली थरथरायची. त्यामुळे परीक्षा रात्री उशिरा, किंवा बिजली गेली की. बिजली गेल्यावर आनंद झालेली बुधवाऱ्यातली आमची पहिलीच माणसं असू.

इथपर्यंत सगळं गोड. आता आमची चूक.

कार्तिक संपताना आम्ही मंडळाच्या बैठकीत ठरवलं की दत्तजयंतीला सर्वांना या आरशातून पौर्णिमेचा चंद्र दाखवायचा. मुलाला नीट विचारलंही नाही. सगळ्या ग्रुपवर संदेश टाकला, मंडपवाल्याला सांगितलं, एका दानशूर कुटुंबानं प्रसादाचा खर्च उचलला. मग घाई सुरू झाली. दोन-दोन तास सलग पाळ्या लावल्या. लांब-लांब हात मारायला सांगितलं. "जोर लावा जरा" असंही आम्हीच म्हणालो. मुलगा म्हणत होता, काका, असं नको. आम्ही म्हणालो, अरे, भक्तीचा जोर आहे.

दत्तजयंतीच्या चार दिवस आधी रात्री त्यानं दिवा लावला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काठ ढळलाय." म्हणजे आरशाचा मध्य ठीक, पण कडेचा भाग जास्त झिजून खाली गेला. कडेवरून येणारा उजेड बिंदूवर येणार नाही, भोवती पसरेल. चंद्राच्या कडेला धूसर झालर. तारे पिसारलेले. उपाय एकच खात्रीचा, बारीक पुडीपर्यंत मागं जाऊन पुन्हा घोटायचं. दोन महिने.

आम्ही काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते. आम्ही म्हणालो, चंद्र तर दिसेल ना? कुणाला काय कळतंय. आज दाखवू, नंतर सावकाश दुरुस्त कर.

आणि खरं सांगायचं तर कुणाला कळलं नसतं. चंद्र दिसलाच असता, लोकांनी हात जोडले असते, फोटो निघाले असते. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आम्हीच महाराजांना फोन लावला, मनात अशी आशा धरून की ते म्हणतील, असू दे, भाव महत्त्वाचा. त्यांनी सगळं ऐकलं. विचारलं, "दिव्यासमोर काय दिसलं?" सांगितलं, काठ ढळलेला दिसला. "मग तसं सांगा लोकांना," म्हणाले आणि फोन ठेवला.

दत्तजयंतीला पाळणा झाल्यावर आमच्यातल्या ज्येष्ठांनी उभं राहून सांगितलं की आरसा तयार नाही, मुलाच्या हातून नव्हे, आमच्या घाईनं बिघडला. काही जण नाराज झाले. प्रसादाचा खर्च केलेलं कुटुंब मात्र म्हणालं, प्रसाद आरशासाठी नव्हता. एका काकूंनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तो पोरगा रडला. इतके दिवस त्याच्यावर किती ओझं होतं हे आम्हाला तेव्हा दिसलं.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपण दरवर्षी वाचतो. त्यात एक बाण करणारा आहे. बाणाचं टोक सरळ करताना इतका गुंग की समोरून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही. आम्ही ही कथा एकाग्रतेसाठी सांगत आलो. यंदा वाटलं, त्या मिरवणुकीतली माणसं कोण होती? ती आम्ही होतो. आम्ही ढोल घेऊन त्या कारागिराच्या दाराशी उभे होतो, उरक म्हणून.

पुढच्या दोन महिन्यांत पडवीत खूप गोष्टी निघाल्या. मुलानं विल्यम हर्षलची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या बाथ गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, संगीत शिकवणारा माणूस. आपल्या भजनी मंडळातला पेटीवाला म्हणा ना. त्या काळी आरसे काचेचे नसत, तांबं आणि कथील मिसळून करत, म्हणजे आपल्या काशाच्याच जातीचे. एकदा घोटताना त्यानं सोळा तास हात उचलला नाही, आणि बहीण कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवत राहिली. 13 मार्च 1781 ला घरामागच्या बागेतून, आपल्यासारख्याच सहा इंचांहून किंचित मोठ्या आरशातून, त्याला युरेनस दिसला. बायकांच्या बाजूनं लगेच प्रश्न आला, बहिणीला बघायला मिळालं का? मिळालं. तिनं पुढं स्वतः आठ धूमकेतू शोधले. हे ऐकून पडवीत समाधान पसरलं.

दुसरी गोष्ट जॉन डॉब्सनची, आणि ती ऐकून वाद झाला. हे वेदान्ती संन्यासी, 1944 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या रामकृष्ण संप्रदायाच्या मठात दाखल झाले. जहाजाच्या खिडकीची जाड जुनी काच मिळवून बारा इंची आरसा घासला आणि शेजारपाजारच्या लोकांना रस्त्यावर चंद्र, शनी दाखवत फिरू लागले. मठाला हे रुचेना. पत्रांतून ते दुर्बिणीला जिरेनियमची कुंडी म्हणत. आरशाला लेप चढला की कुंडीला फूल आलं! शेवटी 1967 ला त्यांना मठ सोडावा लागला. त्यानंतर 2014 साली जाईपर्यंत ते फुटपाथवर लोकांना आकाश दाखवत राहिले, आणि त्यांनी काढलेली दुर्बिणीची साधी, स्वस्त रचना कुणीही करावी म्हणून मोकळी सोडली.

एक गुरुबंधू म्हणाले, आज्ञा मोडली ती मोडलीच. दुसरे म्हणाले, ज्यानं रस्त्यावरच्या माणसाला शनी दाखवला त्यानं कुठली आज्ञा मोडली? आमचं मत विचाराल तर मठालाही शिस्त लागते, ती चुकीची म्हणवत नाही. पण चोरून कुंडी म्हणावं लागलं याचं वाईट वाटतं. आपल्या पडवीत पिंप तुळशीजवळ उघड्यावर आहे, ते "चालेल" या एका शब्दामुळं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

महाशिवरात्रीच्या आधी परीक्षेत काठ स्वच्छ आला. मग मध्य अगदी किंचित आणखी खोल, म्हणजे गोलाचा पॅराबोला, तेवढं शेवटचं काम मुलानं एकट्यानं केलं. तिथं दहा हात चालत नाहीत. काचेवर लेप चढवायला आरसा बाहेर पाठवला. निर्वात पेटीत अॅल्युमिनिअमची वाफ काचेवर बसते, तीही केसाच्या जवळजवळ हजाराव्या भागाएवढी. ही आरशाची कल्हई. आमच्यातले एक जण म्हणाले, ती रेघ-बिघ काही राहिली असेल तर लेपाखाली झाकली जाईल. मुलगा म्हणाला, नाही काका, लेप काचेसारखाच बसतो. काच जशी, तसाच चकाकतो.

फाल्गुनात सत्संगाच्या गच्चीवर दुर्बीण लावली. मंडप नव्हता. त्या प्रदक्षिणावाल्या आजींना पहिला मान. मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजाचा ढग बघून त्या म्हणाल्या, "धूर आहे रे, उजेडाचा." मग चंद्र. चंद्राचे खड्डे बघत त्या बराच वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या, मागची रांग खोळंबली, कुणी काही म्हणालं नाही. खाली उतरताना त्यांनी विचारलं, "ती खालची काच कुठंय?"

ती पडवीत होती, पिच खरवडून, पिंपावर झाकण म्हणून. आजींनी ती उचलली, पदरानं पुसली. अंगावर फुगीर, धुरकट, तिच्यातून काही दिसत नाही. देवघरात ठेवू का, असं त्यांनी विचारलं. महाराजांना कळवलं. त्यांचा निरोप आला, देवघरात नको, दुसऱ्या आरशाला लागेल.

दुसरी आठ इंची काच मुलानं मागवली आहे. तिला खालची काच तिच्याच मापाची लागेल, ती सोबत येईल. जुनी पुढच्या सहा इंची आरशासाठी जपून ठेवली आहे, कारण आपल्या शिकणाऱ्या दोन मुलींनी स्वतःचा आरसा करायचं मनावर घेतलंय. पिंप तिथंच आहे. गुरुवारी आरतीनंतर आणि रविवारी पहाटे काकड्यानंतर पाळ्या लागतील. ज्या घरातून कुणी येणार असेल त्यांनी आपापल्या ग्रुपवर नाव कळवावं. येताना नखं कापून, हात धुऊन यावं. अंगठ्या घरी ठेवाव्यात. या वेळी आरसा कधी तयार होईल ते कुणी विचारू नये, आम्हीही विचारणार नाही.

जय सद्गुरू.
बुधवारा सत्संग मंडळ, बऱ्हाणपूर